न पळणारा गार्ड

गार्डभाऊंना मी पळताना कधी पाहिलं नाही. स्वतःची मालगाडी सुटायला आली तरी ते प्लॅटफॉर्मवरून असे चालत, की गाडीनंच त्यांची परवानगी घेऊन निघायचं आहे. तसं ते खरंही होतं म्हणा. गार्डनं हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय मालगाडी जागची हलत नाही. तिकडे ड्रायव्हर इंजिनातून मान बाहेर काढून हाका मारतोय आणि इकडे हे शेवटच्या डब्याकडे निवांत निघालेले. उजव्या काखेत झेंड्या, आणि डाव्या हातानं बास्केटबॉल आपटणं चालू.

"घाई त्यानं कराव ज्याले उशीर झाला," ते म्हणायचे. "आपुन तं वेळेवर निंघालो."

ही गोष्ट बल्लारपूरची. जिल्ह्याला तेव्हा सगळे चांदा जिल्हाच म्हणत. मी कोरपन्याकडचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. मॅट्रिक होऊन बल्लारपूरच्या लाकूड डेपोत लागलो होतो. जंगलातून आलेल्या सागवानाच्या ओंडक्यांची मापं घ्यायची, हे माझं काम. घरातली दारं माझ्या उंचीला पुरत नव्हती, त्यामुळे रेल्वे कॉलनीतल्या पोरांनी मला पहिल्याच आठवड्यात धरून मैदानावर नेलं. मैदान म्हणजे रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, कर्मचाऱ्यांच्या क्लबच्या, मागची मुरमाची जागा. खांब आमच्याच डेपोतल्या सागाचे, कड्या लोकोशेडच्या लोहारानं वळून दिलेल्या. बास्केटबॉल हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला.

आणि तिथं गार्डभाऊ होते. नोकरीनं मालगाडीचे गार्ड, आणि खेळातही गार्ड. म्हणजे मागे राहून चेंडू पुढे आणणारा, कुणाला कधी द्यायचा ते ठरवणारा. माझी आई एकदा बल्लारपूरला आली होती. तिची अखेरपर्यंत समजूत होती, की चेंडू चोरीला जाऊ नये म्हणून रेल्वेनं हा माणूस नेमला आहे. मी ते गार्डभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या आईला खेळ तुझ्यापेक्षा जास्त कळला.

दिसायला ते खेळाडू अजिबात दिसत नसत. बुटके, पोट थोडं पुढे आलेलं, गुडघे एकमेकांशी बोलणारे. धापही लवकर लागायची. चाळिशीकडे झुकले होते आणि त्यांच्या हाफपँटला नाडी होती, जी ते खेळ चालू असतानाही एका हातानं आवळत. दुसऱ्या हातात चेंडू. समोरच्याला वाटायचं, आता हिसकावून घ्यावा. त्यानं हात घातला की चेंडू तिथं नसायचा, आणि नाडीही बांधून झालेली असायची.

पहिल्या दिवशी मी उंच उडी मारून चेंडू पकडला. सगळ्यांनी वाहवा केली. गार्डभाऊ माझ्याजवळ आले आणि अगदी काळजीनं म्हणाले, "वर तं मस्त जातं रे तू. पन खाली आल्यावर काय करतं?"

मी चेंडूकडे पाहिलं.

"ते ठरवून जात जाय," ते म्हणाले.

दोन-चार दिवसांनी भर दुपारी ते डेपोत आले. त्यांची गाडी यार्डात अडकली होती. एका ओंडक्यावर बसून फुटाणे खात त्यांनी माझं काम पाहिलं. मी फीत ओढत होतो, ओंडक्याचं टोक उचलून धरत होतो, मजुरांनी फेकलेला खडू झेलत होतो. फुटाणे संपल्यावर ते उठून गेले. मला वाटलं, वेळ घालवायला आले असतील. त्या संध्याकाळपासून त्यांनी दिलेला प्रत्येक चेंडू माझ्या डाव्या खांद्यापाशी येऊ लागला. काहीही झेलताना माझा डावा हात आधी वर जातो, हे मला स्वतःला तोवर माहीत नव्हतं.

आमच्यात एक फायरमन होता, इंजिनात कोळसा टाकणारा. सिरोंच्याकडचा, घरी तेलुगू बोलणारा, काटकुळा आणि डावखुरा. गार्डभाऊंना तो अन्ना म्हणायचा. त्याला चेंडू हवा असायचा जमिनीवरून टप्पा घेऊन, कमरेशी. तर त्याला तसाच मिळे. प्रत्येकाचं ताट वेगळं वाढावं तसं. आणि तेही कुणाकडे न बघता. बघायचे भलतीकडे, चेंडू जायचा भलतीकडे. नवखा माणूस त्यांच्या संघात खेळायला आला, की पहिल्या दिवशी त्याच्या नाकावर एकदा तरी चेंडू बसे. "मी देनारच होतो, तू घ्यासाठी तयार नोयता," एवढंच ते म्हणत आणि स्वतःचा ओला रुमाल त्याच्या नाकाला लावत.

घरीही तेच. चहाचा कप ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तुमच्या हातात देत, आणि थेंब सांडत नसे. वहिनींचं यावर एक ठरलेलं बोलणं होतं. त्या स्वयंपाकघरातूनच सांगत, "ह्या मानसानं लग्नातबी माह्याकडं पाह्यलं नाई. हार घालताना पाहत होता करवलीकडं, अन् हार आला माह्या गळ्यात. मी तं घाबरूनच गेली होती." गार्डभाऊ हसत आणि म्हणत, करवलीही घाबरली होती.

दोघंही वैनगंगेकाठच्या गावातली, मासेमारी करणाऱ्या घरांतली. गार्डभाऊ शिकायला म्हणून नागपूरला एका मिशनच्या शाळेत गेले आणि तिथं हा खेळ शिकले. त्यांचा चेंडू ठेवायची पिशवी वडिलांनी विणलेल्या जाळ्याची होती. ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात, खुंटीला टांगलेली असे. मालगाडीला जंगलातल्या लहान स्टेशनांवर मेल जाऊ देण्यासाठी तासन्‌तास थांबावं लागे. इतर गार्ड झोप काढत. हे खाली उतरून डाव्या हातानं, मग उजव्या, मग डोळे मिटून चेंडू आपटत बसत. तिथले वांदर झाडांवरून बघायला येत, असं फायरमन सांगायचा. तो इंजिनातून हे सगळं पाहत असे.

शनिवारच्या बाजारात त्यांच्याबरोबर जाणं ही एक शिक्षा होती. बाजार चिक्कार भरलेला, आणि गार्डभाऊंचा नेम असा, की या टोकापासून त्या टोकाला जायचं, पण कुणाला अंग लागता कामा नये. टोपल्या, सायकली, बैल, बायका, सगळ्यांतून ते पाण्यासारखे जात. मी मागून येताना कुणाच्या तरी वांग्यांवर पाय देत असे. मी एकदा विचारलं, कसं जमतं? तर म्हणाले, "मानसाच्या तोंडाकडं पाहू नोको. तोंड खोटं बोलते. कमरेकडं पाहा. कंबर जिथी वळली तिथीच मानूस जाते." मी तसं करायला गेलो आणि एका भाजीवालीनं माझी चांगलीच खरडपट्टी काढली. कंबर बघताना बघतोय हे दिसू द्यायचं नसतं, हा भाग त्यांनी सांगितला नव्हता.

मग इन्स्टिट्यूटला नवे सेक्रेटरी आले. नागपूरकडचे, व्यायामशास्त्र शिकलेले, गळ्यात शिटी. माणूस सज्जन आणि मनापासून काम करणारा. त्यांनी संघ नीट बांधायचं ठरवलं. लोकोशेडच्या भिंतीपाशी आम्हाला उभं केलं, बोटांना खडू लावला आणि उडी मारून भिंतीवर जमेल तितक्या उंच बोटं टेकवायला सांगितलं. माझी खूण सगळ्यांत वर. फायरमनची त्याखाली. गार्डभाऊंनी उडी मारली तेव्हा त्यांच्या पायांखालून पोस्टकार्डही सरकलं नसतं. शेडवर चहा घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यानं गंमत म्हणून बोटं टेकवली, तीही यांच्यापेक्षा वर गेली. सगळ्यांत जास्त हसले ते गार्डभाऊच.

"उडी तं वांदरायलेबी येते साहेब," ते म्हणाले, "पन एकबी वांदर दुसऱ्याले पास देत नाई."

सेक्रेटरींना हसू आलं, पण त्यांनी नियमाप्रमाणे गार्डभाऊंना बाजूला बसवलं. पुढच्या रविवारी कोळसा खाणीतल्या लोकांशी मैत्रीचा सामना होता. आमच्या संघात पाचही जण उंच, पाचही जण धावणारे. तो सामना मी विसरू शकत नाही. चेंडू माझ्या गुडघ्यावर आला, पाठीवर आला, डोक्यावरून गेला, पण डाव्या खांद्याशी एकदाही आला नाही. आम्ही पाचजण पाच दिशांना धावत "मले दे, मले दे" असं ओरडत होतो. चेंडू ज्याच्याकडे असे तोही, मला वाटतं, सवयीनं तेच ओरडत होता. खाणवाल्यांनी आम्हाला धुतलं.

गार्डभाऊ कडेला बसून फुटाणे खात होते. त्यांनी सेक्रेटरींपुढेही मूठ धरली. सेक्रेटरींनी फुटाणे घेतले, थोडा वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "तुमच्यात नेमकं काय आहे, ते मला समजून घ्यायचंय." हे ते टोमणा म्हणून नव्हते बोलत. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

गार्डभाऊ म्हणाले, सांगता येत नाही, खेळून बघा.

दुसऱ्या संध्याकाळी सेक्रेटरी पांढरी शुभ्र पँट घालून स्वतः त्यांना अडवायला उभे राहिले. मैदानाच्या रेषा नुकत्याच मारल्या होत्या आणि चुन्याचं घमेलं कडेला तसंच पडलं होतं. गार्डभाऊ चेंडू आपटत निघाले. हळू. इतके हळू, की सेक्रेटरीही नकळत हळू झाले. येता येता गार्डभाऊ त्यांची विचारपूस करत होते. क्वार्टर मिळालं का, पाणी मानवतं का, घरचे कधी येणार. सेक्रेटरी सभ्य माणूस, उत्तरं देत होते. मग गार्डभाऊंनी उजवीकडे असं पाहिलं, की तिकडून कुणी ओळखीचं येतंय असं मलाही वाटलं. सेक्रेटरींचा खांदा तिकडे वळला. गार्डभाऊंनी डावीकडे एक पाऊल टाकलं. आधीच्या पावलांपेक्षा जरासंच लांब, जरासंच लवकर. बस. सेक्रेटरी उलट वळायला गेले, पायात पाय अडकला आणि मागच्या मागे चुन्याच्या घमेल्यात बसले. गार्डभाऊ तोवर चालत कडीखाली पोहोचले होते. त्यांनी चेंडू फळीच्या कोपऱ्यावर हलकेच ठेवला आणि तो आत पडला.

सेक्रेटरींनी घमेल्यातच बसून हातावरचा चुना झटकला.

"कळलं," ते म्हणाले, आणि हात पुढे केला. गार्डभाऊंनी त्यांना ओढून उठवलं. वहिनींनी ती पँट दोनदा धुऊन दिली, पण तिच्यावरचा डाग शेवटपर्यंत गेला नाही. सेक्रेटरी ती मुद्दाम सामन्याच्या दिवशी घालत.

पण गार्डभाऊंचं खरं खेळणं मी मैदानावर नाही, मार्कंड्याच्या जत्रेत पाहिलं. त्यांचं गाव तिथून जवळ. महाशिवरात्रीला त्यांनी वहिनींबरोबर फायरमनला आणि मलाही घरी नेलं होतं. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर एका ठिकाणी दोन्ही बाजूंनी बांबू बांधून अरुंद वाट केली होती. आत जाणारे आणि बाहेर येणारे तिथं समोरासमोर आले, आणि मागच्यांना पुढचं काही दिसत नसल्यानं ते रेटतच राहिले. बघता बघता मधली माणसं चेपू लागली. पुढच्या बायकांच्या तोंडून आवाज निघेना. एक म्हातारी बांबूला धरून होती आणि तिचे पाय जमिनीला नव्हते. पोलीस ओरडत होते, मागे व्हा, मागे व्हा. ओरडण्यानं लोक आणखी घाबरले, आणखी रेटा आला. मी बाह्या सरसावून घुसायला निघालो. गार्डभाऊंनी माझा सदरा धरला.

ते बाजूच्या बैलगाडीच्या चाकावर चढले. ओरडले नाहीत. कपाळावर आडवा हात धरला आणि नदीकडे एकटक पाहू लागले. चेहऱ्यावर असं कौतुक, की जन्मात असं काही पाहिलं नाही. शेजारच्या दोघातिघांनी माना वळवल्या. मग आणखी काहींनी. कुणीतरी विचारलं, काय दिसून राह्यलं भाऊ?

"हत्ती," गार्डभाऊ शांतपणे म्हणाले. "नदीत उतरून राह्यला. अंगावर झूल आहे."

हत्ती, हा शब्द गर्दीतून वाऱ्यासारखा मागे गेला. मागची माणसं, ज्यांचा सगळा रेटा होता, ती वळली आणि नदीकडे निघाली. कुणी पळालं नाही, कारण झूल घातलेल्या हत्तीला कोण घाबरतो? बायका पोरांना खांद्यावर घेऊन निघाल्या. पाहता पाहता वाट सैल झाली. "आता जा," गार्डभाऊ मला म्हणाले. मी आणि फायरमननं बांबू उपसले आणि आतली माणसं एकेक करून बाहेर काढली. ती म्हातारी मी उचलून सावलीत आणली. वहिनींनी तिला पाणी पाजलं. कुणालाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

श्वास सावरल्यावर म्हातारीनं पहिली गोष्ट विचारली ती म्हणजे हत्ती कुठे आहे. तिला दिसला नव्हता म्हणून ती रागावली होती. गार्डभाऊ तिच्यापाशी उकिडवे बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "पोहत त्या पारी गेला, माय. पुढच्या वर्षी लवकर येजो." नदीवरून परत आलेल्यांत अर्धे लोक हत्ती पाहून आले होते. एकानं तर झुलीचा रंगही सांगितला.

त्या दिवशी जेवताना मी त्यांना म्हटलं, की लोक चिडले असते तर? ते म्हणाले, लोकांना ढकलून कुठे नेता येत नाही. आपण जिकडे मन लावून बघतो तिकडे ते आपणहून जातात. आणि वहिनींकडे न बघता त्यांनी भातासाठी ताट पुढे केलं.

त्याच वर्षी इन्स्टिट्यूटच्या मैदानावर साहेब लोकांसाठी टेनिसची जागा करायचं घाटत होतं. सेक्रेटरींनी कमिटीकडून एक संधी मागून घेतली. नागपूरचा, रेल्वेचाच, एक नावाजलेला संघ येईल, त्याच्यापुढे आमचा संघ टिकला तर मैदान आमचं. नाहीतर खांब उपटायचे. ते खांब आमच्या डेपोतले होते, त्यामुळे मला रात्री धड झोप लागेना. गार्डभाऊ मात्र आदल्या दिवशीही वणीकडे गाडी घेऊन गेले होते.

सामन्याला अख्खं बल्लारपूर लोटलं. नागपूरचा कप्तान माझ्याहून उंच, आणि उडी अशी मारायचा, की वर गेल्यावर जरा थांबायचा. त्यानं सुरुवातीलाच माझ्या डोक्यावरून दोनदा चेंडू नेला. गार्डभाऊंना अडवायला त्यांनी एक चपळ पोरगा दिला होता. तो त्यांच्याभोवती भुंग्यासारखा फिरत होता. गार्डभाऊंनी त्याला फिरू दिलं. त्याला गाव विचारलं, कॉलेज विचारलं, आईनं डबा दिला का विचारलं. मुरमात कुठे चेंडू मरतो आणि कुठे उसळतो, हे त्यांना स्वतःच्या अंगणासारखं माहीत होतं. उत्तरार्धात तो पोरगा घामानं निथळत होता. गार्डभाऊ सुरुवातीला जितके दमलेले होते तितकेच दमलेले दिसत होते. आणि माझ्या डाव्या खांद्यापाशी चेंडूमागून चेंडू येत होता. मी फक्त वळून वर जायचो. खाली आल्यावर काय करायचं ते आता ठरलेलं असायचं.

शेवट जवळ आला तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. चेंडू गार्डभाऊंकडे. सगळ्या मैदानाला ठाऊक, आता तो मला मिळणार. त्यांचा कप्तान माझ्या पुढे उभा, दुसरा मागे. गार्डभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या इतक्या दिवसांच्या ओळखीत त्यांनी माझ्याकडे असं सरळ कधीच पाहिलं नव्हतं. मी दोन्ही हात वर केले. कप्तानानं उडीसाठी गुडघे वाकवले. आणि चेंडू जमिनीवर एक टप्पा घेऊन फायरमनच्या कमरेशी गेला. तो कडीखाली एकटाच उभा होता. "अय्यो," एवढं म्हणून त्यानं डाव्या हातानं तो वर ढकलला.

शिटी झाली, लोक मैदानात घुसले, फायरमनला खांद्यावर घेतलं. माझे हात अजून वरच होते.

मी गार्डभाऊंना गाठलं. नाडी आवळत ते पाण्याच्या माठाकडे चालले होते. मी म्हटलं, तुम्ही तर माझ्याकडे पाहून राह्यले होते.

"तुह्याकडं पाह्यलं म्हनून तं ते दोघं तुह्याकडं आले," ते म्हणाले. "ह्या टायमाची बास्केट तुहीच समज."

मैदान राहिलं. टेनिस नदीच्या बाजूला गेलं. पण त्या सामन्यात आमचं एक नुकसान झालं. नागपूरच्या कप्तानानं जाता जाता माझी नव्हे, गार्डभाऊंची चौकशी केली. दोन महिन्यांत त्यांची नागपूरला बदली झाली, मालगाडीवरून पॅसेंजरवर. वहिनी खूश होत्या, पॅसेंजर गाडी जंगलात थांबून राहत नाही म्हणून. गार्डभाऊंना त्याचंच थोडं वाईट वाटत होतं.

पुढच्या हिवाळ्यात मी आणि फायरमन नागपूरला त्यांचा सामना पाहायला गेलो. सिमेंटचं मैदान, बसायला बाकं, हजारो माणसं. गार्डभाऊंचं पोट आणखी पुढे आलं होतं. तोच उंच कप्तान आता त्यांच्या बाजूनं खेळत होता, आणि त्याला चेंडू उजव्या कानाशी मिळत होता. त्याला तो तिथंच हवा असणार. एकदा तो तीन जणांच्या मधून वर गेला, जरा थांबला, आणि चेंडू कडीत टाकला. सगळे प्रेक्षक उठून त्याच्या नावानं ओरडू लागले.

मी आणि फायरमनही उठून टाळ्या वाजवत होतो, पण आमची तोंडं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथं गार्डभाऊ चेंडू जाळीत पडायच्या आधीच पाठ फिरवून, कमरेवर हात ठेवून, आपल्या जागेकडे चालत निघाले होते. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी माझी बाही ओढली.

"अहो, बास्केट तिकडे झाली. तुम्ही कुठे बघताय?"

मी काही बोलायच्या आत फायरमन त्यांच्याकडे वळून म्हणाला, "तुमी ते पाहा साहेब. आमी हे पाहून राह्यलो."